देवाचे वकीलपत्र घेऊ नका

पत्र (थोडक्यात): मी मूळची सांगलीची, गेली पंधरा वर्षे ह्यूस्टनला राहते. माझे पती ज्यू आहेत. त्यांच्या आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, वयाच्या सोळाव्या वर्षी हंगेरीतून ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेल्या गेल्या आणि घरातल्या त्या एकट्याच परतल्या. या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. ‘शिवा’च्या, म्हणजे शोकाच्या सात दिवसांत घरी सगळे बसलेले असताना कोणीतरी १९४४ चा विषय काढला आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘देवाच्या मनात काय होते कोण जाणे, पूर्वसंचित असेल काही.’ सासरे उठून आत गेले आणि तेव्हापासून माझ्याशी तुटकपणे बोलतात. ते स्वतः देव मानत नाहीत, तरीही रोज सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जाऊन आईसाठी कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणतात. समेट व्हावा म्हणून मी त्यांना येथल्या रॉथको चॅपेलमध्ये, म्हणजे चित्रकार मार्क रॉथकोची चित्रे असलेल्या प्रार्थनागृहात, घेऊन गेले, तर त्या काळ्या चित्रांसमोर ते बराच वेळ बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. माझी अकरा वर्षांची मुलगी विचारते, ‘पणजीला नेले तेव्हा देव कुठे होता?’ माझे नेमके काय चुकले? मुलीला काय सांगू? आणि सासऱ्यांबरोबर कद्दीशला जाऊन उभे राहिले तर चालेल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही त्या दिवशी दोन गोष्टी बोललात आणि त्यांतली पहिली पुष्कळशी निरुपद्रवी होती. देवाच्या मनातले कळत नाही, असे ज्यू धर्मग्रंथही म्हणतात. घाव दुसरीने घातला. पूर्वसंचित म्हणजे ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याचेच जुने देणे होते, असा हिशेब. तो मांडला की १९४४ च्या मे ते जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून गाड्यांत कोंबून नेलेल्या सुमारे ४,३७,००० माणसांपैकी प्रत्येकाने, आईच्या कडेवरच्या बाळानेसुद्धा, ते स्वतःच ओढवून घेतले असे ठरते. आपल्या घरांत हे वाक्य सांत्वन म्हणून सर्रास उच्चारले जाते आणि तुम्हीही ते त्याच भावनेने उच्चारलेत, याविषयी मला शंका नाही. पण आपल्याकडेही गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना त्यांच्या अवस्थेचे कारण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले गेले आणि ऐकणाऱ्यांना त्यात सांत्वन दिसले नाही, हे आठवले तर सासरे उठून का गेले ते समजणे अवघड नाही.

शिवाच्या दिवसांत भेटायला आलेल्याने शोक करणारा स्वतः बोलेपर्यंत गप्प बसावे, अशी ज्यू रीत आहे. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, ही रीत बायबलमधल्या ईयोबाच्या कथेवरून आली, आणि तुमचा पेच त्या कथेत आधीच मांडून ठेवलेला असल्यामुळे मी तिच्यापाशी थोडी थांबते. मुले, गुरेढोरे, आरोग्य सगळे गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे तिघे मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात आणि कोणी अवाक्षर काढत नाही. तिथवर त्यांचे सगळे बरोबर होते. मग ते बोलू लागतात. देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्याला शिक्षा करत नाही, म्हणून तुझेच काहीतरी चुकले असणार, हे एकच सूत्र ते आळीपाळीने, अध्यायामागून अध्याय घोळवत राहतात. ईयोब ते मान्य करत नाही. उलट देवाने समोर येऊन उत्तर द्यावे, असा हट्ट धरतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो, पण दुःखाचे कारण काही सांगत नाही. समुद्राला दारे कोणी लावली, रानबकऱ्या केव्हा वितात, असे प्रश्न तो ईयोबालाच विचारतो. या भाषणाने माझे समाधान कधी झालेले नाही. मात्र त्यानंतर येणारा निवाडा अगदी स्पष्ट आहे. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे देव त्या मित्रांना रागाने सुनावतो. म्हणजे देवाची बाजू घेणारे तिघे देवाच्याच दरबारात हरतात आणि त्याच्यावर आरोप करणारा खरा ठरतो.

तुमच्या प्रश्नाला माझे जे काही उत्तर आहे ते यातच आले: देवाचे वकीलपत्र घेऊ नका. सासऱ्यांसमोर घेऊ नका आणि मुलीसमोर तर मुळीच घेऊ नका. ही ज्यू परंपरा, तिच्यातल्या श्रद्धावंतांसकट, देवाच्या मौनाचे समर्थन करण्यापेक्षा त्या मौनाकडे तोंड करून बोलत राहिली आहे.

देवाचे मौन हा प्रश्न तिला ऑशविट्झमध्ये प्रथमच पडला, असेही नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (ड्यूटेरोनॉमी) नावाच्या पुस्तकात ‘मी माझे मुख लपवीन’ असे देवच बजावतो आणि ‘हेस्तेर पानिम’, म्हणजे मुख लपवणे, ही संज्ञा तिथून रूढ झाली. तिथे ते लोकांच्या अपराधाचे फळ आहे. बायबलमधल्या चव्वेचाळिसाव्या स्तोत्राला मात्र हे कबूल नाही. आम्ही तुला विसरलो नाही, तुझ्या कराराशी बेइमानी केली नाही, तरी कापायच्या मेंढरांत आमची गणना होते. ऊठ, झोपलास का, मुख का लपवतोस, असे ते स्तोत्र विचारते. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी उपास धरून विलापगीत वाचतात (कोकणातले बेने इस्राएल ज्यू याच दिवसाला बिरड्याचा सण म्हणत आले आहेत), त्यात तर प्रार्थना आरपार पोहोचू नये म्हणून देवाने स्वतःला ढगाने वेढून घेतले आहे. तालमूदमधल्या पंडितांची भाषा आणखी धीट आहे. रोमन सेनापती तीतसाने मंदिर विटाळले आणि देव काहीच बोलला नाही, या प्रसंगावर भाष्य करताना रब्बी (धर्मगुरू) इश्माएलाच्या शिष्यपरंपरेने ‘देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ ही बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातली स्तुतीची ओळ एका अक्षराच्या फरकाने ‘मुक्यांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ अशी वाचली. दुसऱ्या एका कथेत मोशेला भविष्यातला रब्बी अकीवा दाखवला जातो: आधी त्याची विद्वत्ता, आणि मग रोमनांनी हालहाल करून मारल्यावर बाजारात तोलले जाणारे त्याचे मांस. ही तुझी तोरा (धर्मशास्त्र) आणि हे तिचे फळ, असे मोशे विचारतो. ‘गप्प राहा, माझ्या मनात असेच आले,’ एवढेच देव सांगतो. ज्यांनी ही कथा जपली त्यांनी हे उत्तर गोड करून ठेवले नाही, आणि ते पुरेसे आहे असा दावाही केला नाही.

आता दुसऱ्या महायुद्धातले वॉर्सा. प्यासेच्नोचे रब्बी कालोनिमुस काल्मान शापिरा यांचा एकुलता मुलगा सप्टेंबर १९३९ च्या बाँबवर्षावात जबर जखमी होऊन गेला. तो ज्या रुग्णालयात होता त्याच्या बाहेर थांबलेली सूनही मारली गेली, आणि थोड्याच दिवसांत आई गेली. त्यानंतर घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत, ते शब्बाथला आणि सणांना प्रवचने देत राहिले व नंतर ती लिहून ठेवत राहिले. त्यांतले सर्वांत विलक्षण प्रतिपादन १९४२ च्या सुरुवातीच्या महिन्यांतले आहे. देव आतल्या दालनात एकांतात रडतो, हे तालमूदमधले वचन घेऊन ते म्हणतात की त्याचे दुःख अमर्याद असल्यामुळे जगात मावू शकत नाही; त्यातला एक थेंब जरी बाहेर आला तरी जग उरणार नाही, म्हणून तो लपतो. बाहेरून आपल्याला मौन ऐकू येते आणि आत रडणे चालू असते. ज्याला शक्य असेल त्याने आत जाऊन त्याच्याबरोबर रडावे, असा त्यांचा उपदेश होता.

पण माझ्या दृष्टीने त्याहूनही मोलाची आहे ती त्यांनी नंतर जोडलेली एक टीप. १९४१ च्या हनुक्का सणाच्या प्रवचनात त्यांनी श्रोत्यांना धीर देताना म्हटले होते की, असली संकटे आपल्या लोकांवर पूर्वीही आली आहेत, मंदिराच्या विध्वंसाच्या वेळी आली आहेत, मग आताच श्रद्धा का डळमळावी. जुलै १९४२ मध्ये घेट्टोतून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या जाऊ लागल्या आणि वर्षअखेरीस त्यांनी त्या प्रवचनाखाली लिहून ठेवले की, हे म्हणणे १९४२ च्या मध्यापर्यंत खरे होते. त्यानंतर जे घडले त्याला पूर्वीचा दाखला नाही. स्वतः दिलेले सांत्वन एका धर्मगुरूने, स्वतःच्या हाताने, मृत्यूच्या छायेत मागे घेतले. जानेवारी १९४३ मध्ये ही हस्तलिखिते घेट्टोतल्या नोंदी जपणाऱ्या गुप्त दफ्तराकडे सोपवली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शापिरा मारले गेले. जमिनीखाली पुरलेल्या दुधाच्या कॅनमधून ते कागद डिसेंबर १९५० मध्ये बाहेर निघाले.

युद्धानंतरच्या विचारवंतांची यादी मोठी आहे. तिच्यात मी तुम्हाला फार अडकवणार नाही. देवाने माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर त्याला मागे सरावेच लागते, हे रब्बी एलिएझर बेर्कोव्हिट्झ यांचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण स्वातंत्र्य मारणाऱ्याला मिळाले आणि किंमत मरणाऱ्याने दिली, ही त्यातली बोच जात नाही, आणि ती बोच बेर्कोव्हिट्झही लपवत नाहीत. तत्त्वज्ञ हान्स योनास यांची आई ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. १९८४ च्या ट्युबिंगेनमधल्या व्याख्यानात त्यांनी देवाचे सर्वशक्तिमानपणच सोडून दिले: तो गप्प राहिला, कारण त्याच्या हातात काही उरलेच नव्हते. हे सगळे पापाचेच फळ आहे असे मानणारे रब्बीही होते, हे सांगायला हवे. सात्मारच्या हसिदी पंथाचे प्रमुख योएल टाइटेलबाउम यांनी दोष झायनिस्टांच्या, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठी झटणाऱ्यांच्या, माथी मारला. म्हणजे तुमच्यासारखे वाक्य त्या परंपरेत कधी कोणी बोललेच नाही, असे नाही. ते बोलले गेले आणि फार मोठ्या समुदायाने ते झिडकारले. माझ्या मते या साऱ्या चर्चेसाठी सर्वांत उपयोगी कसोटी १९७४ साली रब्बी अर्विंग ग्रीनबर्ग यांनी दिली: जळणाऱ्या मुलांच्या समोर उभे राहून जे बोलता येणार नाही ते, देवाविषयी असो वा आणखी कशाविषयी, बोलू नये. पूर्वसंचिताचे वाक्य या कसोटीवर लावून पाहा.

सासरे देव मानत नाहीत आणि कद्दीश म्हणतात, यात तुम्हाला विसंगती वाटते. कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखही नाही. देवाचे महान नाव थोर मानले जावो, पवित्र मानले जावो, एवढेच ती प्रार्थना वेगवेगळ्या शब्दांत म्हणत जाते. ज्याचे सर्वस्व गेले त्यानेच हे म्हणायचे, तेही एकट्याने नव्हे, तर रूढ नियमाप्रमाणे किमान दहा जणांच्या मेळ्यात, आणि आईवडिलांसाठी अकरा महिने. बेर्डिचेवचे रब्बी लेवी यित्झाक (निधन १८०९) यांच्या नावावर एक कद्दीश प्रसिद्ध आहे, त्यात ते आधी देवावर रीतसर फिर्याद करतात, तुझ्या लोकांचा हा छळ थांबल्याशिवाय मी जागचा हलणार नाही असे बजावतात, आणि त्याच श्वासात कद्दीश सुरू करतात. दुसरे टोक रिचर्ड रूबेनस्टाइन यांचे. स्वतः रब्बी असलेल्या या माणसाने १९६६ साली लिहिले की ऑशविट्झनंतर इतिहास चालवणाऱ्या देवावर विश्वास ठेवता येत नाही. पण म्हणूनच विधी, सण आणि एकमेकांची सोबत यांची गरज वाढते, असेही त्याच पुस्तकात म्हटले. तुमचे सासरे या दोघांच्या मधे कुठेतरी उभे असावेत. कुठे, हे त्यांना विचारू नका. ते त्यांनाही ठाऊक असेल असे नाही.

लेखक एली वीझेल तुमच्या आजेसासूबाईंसारखेच १९४४ च्या मे महिन्यात, तेव्हा हंगेरीच्या ताब्यात असलेल्या सिगेत गावातून नेले गेले. ऑशविट्झमध्ये तीन विद्वान धर्मपंडितांनी देवावर खटला चालवलेला आपण पाहिला, असे ते सांगत. देव दोषी ठरला आणि मग ते पंडित संध्याकाळच्या प्रार्थनेला उभे राहिले. पुढे या आठवणीवर त्यांनी नाटक लिहिले आणि काळ मात्र १६४९ चा, युक्रेनमधल्या कत्तलीनंतरचा घेतला. त्यात देवाच्या बाजूने बोलायला कोणी तयार होत नाही. शेवटी एक सुसंस्कृत, गोड बोलणारा अनोळखी माणूस ते काम पत्करतो, देवाची न्यायबुद्धी फार सफाईने सिद्ध करून दाखवतो, आणि अखेर तो सैतान निघतो. ईयोबाच्या मित्रांवरची याहून कडवट टीका माझ्या वाचनात नाही.

चित्रांविषयी थोडे सावधपणे सांगते. रॉथको १९०३ साली ड्विन्स्क येथे, आजच्या लाटवियात, ज्यू कुटुंबात जन्मला आणि १९१३ साली अमेरिकेत आला; त्याच्या जन्मगावचे ज्यू १९४१ पासून जवळजवळ सगळे मारले गेले. पण चॅपेल द मेनिल या कॅथलिक दांपत्याने करवून घेतले आणि त्यातल्या चौदा चित्रांना रॉथकोने होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, नाव कुठेही दिलेले नाही. ते उघडण्याच्या वर्षभर आधी, १९७० मध्ये, त्याने आत्महत्या केली. तेव्हा ही चित्रे म्हणजे देवाच्या मौनाचे चित्रण, असे ठोकून देणे मला रुचत नाही. इतके म्हणता येईल की त्यांत पाहणाऱ्याला हाताशी धरायला काही नाही, आणि नजर स्थिरावली की काळ्यातून जांभळा आणि तांबूस रंग उमटू लागतात. बाहेरच्या पाण्यात उभा असलेला मोडका स्तंभ बार्नेट न्यूमनचा आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी सरळ नाते आहे ते या न्यूमनच्या दुसऱ्या एका कामाचे. १९५८ ते १९६६ या काळात त्याने कोऱ्या कॅनव्हासवर बहुतेक काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची चौदा चित्रे केली. त्यांना ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेच्या टप्प्यांचे नाव दिले आणि उपशीर्षक दिले ‘लमा सबख्थनी’, तू मला का सोडलेस, हे ख्रिस्ताचे क्रुसावरचे शब्द. वेदनांची ती वाटचाल आपला विषय नाही, ज्याला उत्तर नाही असा तो प्रश्न आपला विषय आहे, असे त्याने स्पष्ट केले. हा आक्रोश मुळात बाविसाव्या स्तोत्रातला, म्हणजे ज्यूंचाच; न्यूमनने तो चौदा वेळा रंगवला. जर्मन भाषेत लिहिणारा ज्यू कवी पाउल त्सेलान याचे आईवडील १९४२-४३ च्या सुमारास छळछावणीत गेले. १९६३ च्या संग्रहातल्या एका कवितेत त्याने स्तोत्राचा घाट तसाच ठेवून स्तुती ‘कोणीही नाही’ याला उद्देशून केली आहे. ती कविता नास्तिकाची की भक्ताची, यावर अभ्यासक अजून भांडतात. सासरे चॅपेलमध्ये गप्प बसले ते तुमच्यावरच्या रागाने, असे मुळीच समजू नका. तुम्ही त्यांना तिथे नेलेत आणि काही बोलला नाहीत, हे त्या आठवड्यांतले तुमचे सर्वांत योग्य पाऊल असावे.

हे वाचताना तुम्हाला आपले संत आठवतील. जनाबाईने विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून शिव्या दिल्या, तुकोबांनी ‘माझे लेखी देव मेला’ म्हटले, आणि म्हणून देवाशी भांडण ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटत नाही. तुलना मात्र इथेच थांबवावी. संतांचे भांडण जिवलगाशी आहे आणि त्याच्या पोटात भेटीची खात्री आहे. इथली तक्रार एका समाजाने करारातल्या दुसऱ्या पक्षावर केली आहे, आणि तिच्यामागे साठ लाख खून आहेत. सासऱ्यांसमोर ‘आमच्याकडेही असेच आहे’ असे म्हणायचा मोह होईल, तो आवरा.

मुलीला खरे सांगा. देव कुठे होता हे मला माहीत नाही, पणजीच्या लोकांनी तो प्रश्न तीन हजार वर्षे देवालाच विचारला आहे, आणि तो विचारणे त्यांच्यात पाप मानले जात नाही, एवढे अकरा वर्षांच्या मुलीला समजते. तिला चव्वेचाळिसावे स्तोत्र वाचून दाखवा. लहान आहे आणि त्यातला राग मुलांना लगेच कळतो. त्याबरोबरच दुसरा प्रश्नही तिच्यापुढे ठेवा, कारण देवावरच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो: त्या गाड्या माणसांनी भरल्या, वेळापत्रके माणसांनी आखली, आणि हंगेरीत हे काम जर्मनांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक असलेल्या हंगेरियन पोलिसांनी केले. तेव्हा माणसे कुठे होती, याचे उत्तर कागदोपत्री सापडते आणि वय वाढेल तसे ते तिला वाचता येईल.

सासऱ्यांची माफी मागा, पण वाक्याचा अर्थ समजावत बसू नका. ‘मला तसे म्हणायचे नव्हते, आमच्या संस्कृतीत...’ अशी सुरुवात झाली की ती पुन्हा वकिली होईल, या वेळी स्वतःची. ‘तुमच्या आईच्या बाबतीत मी जे बोलले ते बोलायला नको होते, मला वाईट वाटते’ एवढे पुरे. त्यांनी काही उत्तर दिले नाही तर बसून राहा.

राहिला कद्दीशचा प्रश्न. तुम्ही जाऊ शकता. त्या दहांमध्ये तुमची मोजणी होणार नाही, आणि सिनेगॉग सनातनी पद्धतीचे असेल तर स्त्रियांची बसायची जागा वेगळी असेल. कोणी उभे राहायचे याचे रिवाजही ठिकठिकाणी निराळे आहेत, म्हणून आधी सासऱ्यांना विचारून घ्या. कद्दीश म्हणणाऱ्याला उत्तर देणारे लागतात: ठरलेल्या जागी ‘आमेन’ आणि मधे एकदा सर्वांनी मिळून म्हणायची एक अरामी ओळ, ‘त्याचे महान नाव सदासर्वकाळ धन्य असो’ अशा अर्थाची. ती कशी म्हणायची ते त्यांच्याकडूनच शिका. मुलीला यायचे असेल तर रविवारी न्या. इतर दिवशी सकाळची प्रार्थना बहुधा लवकर असते आणि शाळेची गडबड होईल.